आउटपुट फाईलकडे वळवताना: >, >> आणि पाइप यांविषयी काही शंका

पानसुपारी

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दाखल होणाऱ्या पुस्तकांची यादी दर महिन्याला एका साध्या मजकूर फाईलमध्ये ठेवली जाते. एका ओळीत एक पुस्तक, आणि त्या ओळीत दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक व प्रकाशन वर्ष एवढेच असते. या फायली वेगवेगळ्या संगणकांवर तयार झाल्या असून त्यांतले काही संगणक विंडोजवर, तर काही उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) चालतात. वर्षअखेरीस, म्हणजे आमच्या हिशेबाने मार्चनंतर, बाराही याद्या जोडून एक वार्षिक यादी करायची, ती क्रमाने लावायची आणि पुढे तिच्यातच रोजची भर घालत राहायची, असा बेत आहे. हे काम उबुंटूच्या टर्मिनलवरून करायचे ठरले आहे.

कॅट या कमांडने फाईल पडद्यावर दिसते, > या चिन्हाने ती दुसऱ्या फाईलमध्ये उतरते आणि >> या चिन्हाने शेवटी भर पडते, इतपत मला ठाऊक आहे. शंका पुढच्या आहेत. यादी क्रमाने लावून निकाल त्याच फाईलमध्ये लिहिला तर चालेल का? दोन याद्या जोडल्यावर एका ठिकाणी दोन पुस्तके एकाच ओळीत चिकटलेली दिसतात, ती का? आणि > दिलेले असतानाही काही संदेश फाईलमध्ये न जाता पडद्यावरच का येतात?

ता. क. : धाग्यात सगळ्यांनी कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या तर वाचायला सोपे जाईल. प्रत्यक्ष टर्मिनलवर त्या आणि त्यांतले अंक रोमन लिपीतच द्यायचे आहेत, हे नवीन वाचकांनी ध्यानात ठेवावे. फायलींची नावे मात्र देवनागरीत असली तरी लिनक्सला चालतात.

---

शेलारमामा

पानसुपारी, आपल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे मूळ एकच आहे, म्हणून ते आधी सांगतो. > हे चिन्ह कॅट किंवा सॉर्ट यांच्यासाठी नसतेच. ते शेल वाचते, म्हणजे आपण टंकलेली ओळ समजून घेऊन प्रोग्रॅम सुरू करून देणारा मधला प्रोग्रॅम, जो उबुंटूवर बहुधा बॅश असतो. शेल आधी उजवीकडची फाईल उघडते, तिच्यात जे काही असेल ते पुसून ती रिकामी करते, प्रोग्रॅमचे आउटपुट तिला जोडून देते आणि मगच प्रोग्रॅम सुरू करते. प्रोग्रॅमला आपण पडद्यावर लिहितो आहोत की फाईलमध्ये, याची विचारपूस करण्याची गरजही नसते.

हा क्रम लक्षात घेतला की

सॉर्ट यादी > यादी

असे लिहिल्यावर काय होईल ते उघड आहे. सॉर्ट सुरू होण्यापूर्वीच यादी रिकामी झालेली असते, त्यामुळे सॉर्ट रिकामी फाईल वाचते, रिकामा निकाल देते आणि कसलीही तक्रार न करता संपते. कॅटचे त्याहून फसवे आहे. समजा आपण

कॅट एप्रिल मे > एप्रिल

असे लिहिले, तर एप्रिलची यादी आधीच पुसली गेल्यामुळे शेवटी त्या फाईलमध्ये फक्त मेची पुस्तके उरतात, आणि फाईल रिकामी नसल्यामुळे कुणाला संशयही येत नाही. क्रम उलटा करून मे आधी आणि एप्रिल नंतर दिला, तर लिनक्सवरची कॅट इनपुट आणि आउटपुट एकच फाईल असल्याची सूचना देते. पण तोवर एप्रिलचा मूळ मजकूर गेलेला असतो, त्यामुळे ती सूचना मिळून उपयोग नसतो.

याहूनही वाईट म्हणजे, सॉर्टऐवजी चुकून दुसरेच काही टंकले गेले आणि अशी कमांडच अस्तित्वात नाही असे उत्तर आले, तरी उजवीकडची फाईल त्या आधीच रिकामी झालेली असते.

सॉर्टपुरता एक सरळ मार्ग आहे:

सॉर्ट -ओ यादी यादी

येथे फाईल शेल उघडत नाही, सॉर्ट स्वतः उघडते आणि तीही सगळे इनपुट वाचून झाल्यावर, म्हणून त्याच फाईलवर लिहिणे चालते. बाकी कोणत्याही कमांडसाठी निकाल आधी वेगळ्या नावाने लिहावा आणि मग नाव बदलावे:

ऑक १ यादी > यादी.नवी && एमव्ही यादी.नवी यादी

दोन अँपरसँडचा अर्थ असा की डावीकडचे काम यशस्वी झाले तरच उजवीकडचे करावे. डिस्क भरल्यामुळे किंवा अन्य कारणाने पहिले काम अर्धवट राहिले, तर जुनी यादी जशीच्या तशी राहते.

---

रेवातीर

शेलारमामांनी उदाहरणात ऑक १ सहज लिहून टाकले आहे, पण पानसुपारी यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्यातच आहे, म्हणून ते उलगडून सांगते.

युनिक्सच्या परंपरेत ओळ संपल्याची खूण म्हणजे ओळीच्या शेवटी असलेले नव्या ओळीचे चिन्ह, आणि ही खूण शेवटच्या ओळीलाही लागते. अनेक संपादक, विशेषतः विंडोजवरचे नोटपॅड, शेवटच्या ओळीनंतर टंकणाऱ्याने स्वतः एंटर दाबले नसेल तर ही खूण घालत नाहीत. कॅट आपल्या मनाने एकही बाइट घालत किंवा काढत नाही. ती एप्रिलचे सगळे बाइट देते आणि लगेच मेचे देऊ लागते. एप्रिलच्या शेवटच्या पुस्तकानंतर खूण नसेल, तर मेचे पहिले पुस्तक त्याच ओळीत जाऊन बसते. इकोने, म्हणजे दिलेला मजकूर छापणाऱ्या कमांडने, >> वापरून भर घातली तरी हेच होते, कारण >> फाईलच्या शेवटच्या बाइटनंतर लिहू लागते आणि तिथे ओळ संपली आहे की नाही हे पाहत नाही.

कोणत्या फाईलला ही खूण नाही हे पाहायचे असेल तर

टेल -सी १ एप्रिल | ओडी -सी

असे लिहावे. मधली उभी रेघ म्हणजे पाइप, जो डावीकडच्या कमांडचे आउटपुट उजवीकडच्या कमांडला देतो. शेवटचा बाइट उलटी तिरपी रेघ आणि एन अशा रूपात दिसला तर सारे ठीक आहे. पण बारा फायली तपासत बसण्यापेक्षा कॅटऐवजी ऑक वापरणे मला अधिक पसंत आहे:

ऑक १ एप्रिल मे जून > वार्षिक

ऑक प्रत्येक ओळ वाचून ती पुन्हा छापते आणि छापताना दर ओळीनंतर खूण घालते, मग ती मूळ फाईलमध्ये असो वा नसो. मधला एकचा आकडा म्हणजे कायम खरी असलेली अट, आणि अट खरी असली की ओळ छापायची हा ऑकचा ठरलेला नियम आहे.

आणखी एक गोष्ट फायलींच्या क्रमाची. सगळ्या फायली एकदम देण्यासाठी लोक * वापरतात, पण शेल * च्या जागी नावे अकारविल्हे लावून घालते. त्यामुळे एप्रिलनंतर ऑक्टोबर आणि ऑगस्ट येतील आणि मे बराच मागे पडेल. आकडे द्यायचे तर १ नंतर १०, ११, १२ आणि मग २, असा क्रम लागतो. म्हणून फायलींना ०१-एप्रिल, ०२-मे ते १२-मार्च अशी दोन अंकी सुरुवात द्यावी. शिवाय तयार होणारी वार्षिक यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवू नये. पहिल्या वेळी शेल * सोडवते तेव्हा ती फाईल अजून नसते, म्हणून सारे नीट होते. दुसऱ्यांदा तीच कमांड चालवली की वार्षिक यादी स्वतःच इनपुटमध्ये येते.

---

खिडकीवाला

विंडोजवरून आलेल्या फायली आहेत म्हणून थोडे माझ्याकडूनही.

विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी एकाऐवजी दोन चिन्हे असतात. कॅट -ए (येथे ए मोठ्या लिपीतला) अशी कमांड दिल्यास विंडोजच्या ओळींच्या शेवटी टोपीचे चिन्ह, एम आणि डॉलर असे दिसते, तर लिनक्सच्या ओळींच्या शेवटी नुसता डॉलर दिसतो. देवनागरी मजकूर मात्र या पर्यायात वाचता येत नाही, कारण प्रत्येक बाइट वेगळा दाखवला जातो. म्हणून फक्त ओळीच्या शेवटाकडे पाहावे. हे जादा चिन्ह राहिले तर शेवटच्या रकान्यातले वर्ष दिसायला १९८५ असले तरी शोधताना जुळत नाही.

दुसरी अडचण फाईलच्या अगदी आरंभी दडलेल्या तीन बाइटांची आहे, ज्यांना बीओएम म्हणतात. जुने नोटपॅड यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, जतन करताना ते घालत असे. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड मुळात बीओएमशिवाय जतन करते. एकट्या फाईलमध्ये ते फारसे त्रास देत नाहीत, पण बारा फायली जोडल्या की यादीच्या मधोमध, प्रत्येक महिन्याच्या पहिल्या दाखल क्रमांकाच्या आधी, न दिसणारे चिन्ह येऊन बसते आणि सॉर्ट त्या ओळी भलतीकडेच नेऊन ठेवते.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत चिवट, गोष्ट पॉवरशेल या विंडोजवरच्या शेलची आहे. विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ या आवृत्तीत > आणि >> दोन्ही यूटीएफ-१६ मध्ये लिहितात, आणि >> ने भर घालताना आधीची फाईल कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे हे तपासलेही जात नाही. यूटीएफ-८ मधल्या यादीला पॉवरशेलमधून >> ने एक ओळ जोडली की अर्धी फाईल एका एन्कोडिंगमध्ये आणि उरलेली दुसऱ्यात, असा प्रकार होतो. अशी फाईल एका फटक्यात दुरुस्त करणारे साधन मिळत नाही. जोडलेला भाग वेगळा काढूनच ती सुधारावी लागते. पॉवरशेल ७ मध्ये हे बदलले आहे आणि तिथे बीओएमशिवाय यूटीएफ-८ लिहिले जाते.

म्हणून जोडण्यापूर्वी प्रत्येक फाईल डॉसटूयुनिक्स या कमांडमधून काढावी. ती ओळींचे शेवट सुधारते आणि बीओएमही काढून टाकते. एन्कोडिंग काय आहे ते पाहण्यासाठी लिनक्सवर फाईल याच नावाची कमांड आहे.

---

मोडीवाचक

वरच्या चर्चेत बाइट हा शब्द वारंवार आला आहे, म्हणून देवनागरीच्या दृष्टीने एक मुद्दा मांडतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे मानली जातात. मराठी हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण त्यात पाच चिन्हे आणि पंधरा बाइट आहेत:

प्रिंटएफ मराठी | डब्ल्यूसी -सी

याचे उत्तर १५ येते, -सी ऐवजी -एम दिल्यास ५ येते, आणि प्रिंटएफऐवजी इको वापरल्यास शेवटी नव्या ओळीची खूण पडल्यामुळे उत्तर १६ होते.

फायली जोडताना यामुळे काहीही बिघडत नाही, कारण >, >> आणि पाइप बाइटांचा क्रम जसाच्या तसा पुढे देतात. बिघडते ते तोडताना. हेड -सी १० असे लिहिल्यास चौथ्या चिन्हाचा पहिलाच बाइट हाती येतो आणि पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. कट -सी हा पर्यायही लिनक्सवर दीर्घकाळ चिन्ह म्हणजे बाइटच समजत आला आहे. म्हणून मराठी यादीचा तुकडा काढायचा तर ओळींच्या किंवा रकान्यांच्या हिशेबानेच काढावा, म्हणजे हेड -एन किंवा कट -एफ.

अवांतर: पानसुपारी यादी ग्रंथनामाने लावणार असतील तर एलसी_ऑल=सी हा लोकेल (भाषेनुसार क्रम ठरवणारी मांडणी) देऊ नये. त्यात क्रम युनिकोडच्या तक्त्याप्रमाणे लागतो आणि ळ हा ह नंतर न येता ल च्या लगेच मागे येतो. दाखल क्रमांकाने लावायची असेल तर मात्र आकडे रोमन ठेवून सॉर्ट -एन वापरावे. देवनागरी अंकांना सॉर्ट संख्या मानत नाही.

---

पानसुपारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फायली डॉसटूयुनिक्समधून काढल्या, त्यांची नावे बदलली आणि ऑकने जोडल्या. आता ओळी चिकटत नाहीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, आणि त्यात एकाची भर पडली आहे. वार्षिक यादी आता सर्वांना वाचता येईल पण प्रशासक खात्यालाच लिहिता येईल अशा ठिकाणी ठेवली आहे. तिथे सूडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारी कमांड) वापरून, म्हणजे सूडो इको लिहून, >> ने ओळ जोडू पाहिली, तर परवानगी नाकारली जाते. सूडो दिल्यावरही असे का व्हावे?

---

शेलारमामा

नव्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते पहिल्या प्रतिसादातच दडलेले आहे. सूडोने अधिकार मिळतात ते इकोला, आणि इकोला त्या फाईलशी काही देणेघेणे नाही. फाईल उघडते आपले शेल, आणि ते आपल्याच साध्या खात्यावर चालते आहे. म्हणून लिहिण्याचे काम अधिकार असलेल्या प्रोग्रॅमकडे सोपवावे लागते:

इको "नवी ओळ" | सूडो टी -ए वार्षिक

टी ही कमांड पाइपमधून आलेला मजकूर फाईलमध्येही लिहिते आणि पडद्यावरही दाखवते, त्यामुळे काय जोडले गेले ते तिथल्या तिथे दिसते. यातले -ए विसरू नये. ते नसेल तर टीसुद्धा फाईल आधी रिकामी करते.

आता तिसरा प्रश्न. प्रत्येक प्रोग्रॅमला सुरुवातीला तीन वाटा मिळतात: क्रमांक ० इनपुटची, क्रमांक १ आउटपुटची आणि क्रमांक २ चुकांच्या संदेशांची. नुसते > लिहिले की फक्त क्रमांक १ वळते. ही वेगळी तिसरी वाट युनिक्समध्ये सुरुवातीपासून नव्हती. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये मजकूर फोटोटाइपसेटरकडे पाठवला जात असे, आणि काही वेळा छापायच्या मजकुराऐवजी चुकीचा संदेशच जुळून बाहेर येई, त्यावरून ती आली असे सांगितले जाते. संदेशही फाईलमध्ये हवे असतील तर २> किंवा भर घालायची असल्यास २>> वापरावे. दोन्ही एकाच फाईलमध्ये हवे असतील तर

ऑक १ ०* १* > वार्षिक २>&१

असे लिहावे. क्रम येथे महत्त्वाचा आहे, कारण शेल डावीकडून उजवीकडे वाचते. आधी १ फाईलकडे वळते, आणि मग १ या क्षणी जिकडे जात आहे तिकडेच २ पाठवावे असे सांगितले जाते. हाच भाग उलटा लिहिला, तर १ अजून पडद्याकडे असतानाच २ त्याच्यामागे जाते, आणि नंतर १ फाईलकडे वळले तरी २ पडद्यावरच राहते.

मराठी वापरकर्त्यांसाठी यात एक गंमत आहे. क्रमांकाने संपणारी ओळ इकोने जोडताना शेवटी आधीच्या मजकुरापासून सुटा, एकटाच रोमन दोन असेल आणि त्याला चिकटून >> आले, तर शेल त्या दोनला वाटेचा क्रमांक समजते. ओळ दोनविना पडद्यावर छापली जाते आणि यादीत काहीच जात नाही. तोच अंक देवनागरी असेल तर शेलला तो साधा मजकूर वाटतो आणि ओळ नीट जोडली जाते. तरीही देवनागरी अंकांवर विसंबण्यापेक्षा मजकूर अवतरणचिन्हांत ठेवणे आणि >> पूर्वी जागा सोडणे केव्हाही बरे.

---

रेवातीर

पाहण्याविषयी कुणी फारसे बोलले नाही. वार्षिक यादी काही हजार ओळींची होणार असेल तर कॅटने पाहू नये, कारण पडद्यावर शेवटचाच भाग उरतो. लेस वार्षिक असे लिहिल्यास मागे-पुढे जाता येते, तिरपी रेघ देऊन लेखकाचे नाव शोधता येते आणि क्यू दाबले की बाहेर पडता येते. नुकत्याच जोडलेल्या ओळी पाहायला टेल -एन ५ वार्षिक पुरते.

कॅट यादी | सॉर्ट असे लिहिलेले अनेक ठिकाणी आढळते. सॉर्ट स्वतः फाईल वाचू शकते, त्यामुळे त्यातली कॅट मला निरुपयोगी वाटते.

---

शेलारमामा

रेवातीर, निरुपयोगी म्हणणे जरा कठोर होईल. लांब पाइपमध्ये मजकूर कुठून निघतो हे डावीकडेच दिसले तर वाचणाऱ्याला बरे पडते, आणि काही हजार ओळींच्या यादीला त्याने कसलाही भार पडत नाही. मी स्वतः मात्र < यादी सॉर्ट असे लिहितो. शेलला < हे चिन्ह ओळीच्या आरंभीही चालते.

---

मोडीवाचक

दोन कर्मचारी दोन खिडक्यांतून एकाच वेळी >> ने ओळी जोडू लागले तर काय होईल, हे कुणी सांगू शकेल का? वाचनालयात असे होणे अगदी शक्य आहे.

---

शेलारमामा

फाईल त्याच संगणकाच्या डिस्कवर असेल तर काळजी नाही. >> ने उघडलेल्या फाईलमध्ये प्रत्येक वेळचे लेखन त्या क्षणी जो शेवट असेल तिथे जाते, म्हणून इकोने जोडलेल्या छोट्या ओळी एकमेकींवर चढत नाहीत. दोघांनी > वापरून लिहिले तर मात्र प्रत्येकजण आपापल्या ठिकाणापासून लिहितो आणि एकाचा मजकूर दुसऱ्यावर पडतो. एनएफएसवर (नेटवर्कवरून फायली वाटून देणाऱ्या व्यवस्थेवर) ठेवलेल्या सामायिक फोल्डरमध्ये >> चीही ही हमी राहत नाही, त्यामुळे तिथे एकाच संगणकावरून भर घालावी.

---

पानसुपारी

सेट -ओ नोक्लॉबर अशी एक ओळ घातली की > हे चिन्ह आधीपासून असलेली फाईल पुसत नाही, असे ऐकले. ती .बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचते त्या फाईलमध्ये) घातली तर रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, चालणाऱ्या स्क्रिप्टलाही ती लागू होईल का?

---

शेलारमामा

नाही. क्रॉनमधून चालणारी स्क्रिप्ट .बॅशआरसी वाचत नाही, म्हणून तीच ओळ स्क्रिप्टच्या आरंभी पुन्हा लिहावी लागेल. ती लागू असताना जिथे खरोखरच जुनी फाईल पुसून नवी लिहायची आहे तिथे > ऐवजी >| लिहावे. >> वर तिचा काही परिणाम होत नाही. सॉर्ट -ओ, एमव्ही आणि -ए नसलेली टी यांनाही ती अडवत नाही, कारण त्या फायली शेल उघडतच नाही.